रोकड जुळली का?

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी जगात वीसेक मिनिटं तीन कोटी कोटी डॉलर जास्तीचे होते. 'कोटी' चुकून दोनदा पडलाय असं समजून मुद्रितशोधकाने त्यातला एक उडवू नये, दोन्ही लागतात. पेपालच्या नावाने चालणारं 'पीवाययूएसडी' हे डिजिटल नाणं पॅक्सोस नावाची कंपनी पाडते. त्या दिवशी कंपनीची घरातल्या घरात काही हलवाहलव चालली होती. आधी तीस कोटी नाणी मोडीत काढली आणि मग, बहुधा तेवढीच नव्याने पाडायची म्हणून, यंत्राला आकडा दिला. त्यात सहा शून्यं जास्त पडली. या नाण्याला दशांशचिन्हानंतर नेमकी सहाच घरं असतात, तेव्हा काय घडलं असेल ते चौथीतलं पोरही ओळखेल. कंपनीने 'अंतर्गत तांत्रिक त्रुटी' एवढं सांगून सगळी नाणी नष्ट केली, आणि जग पुन्हा पहिल्यासारखं गरीब झालं.

सगळ्या देशांचं वर्षाचं उत्पन्न एकत्र केलं तरी ही रक्कम त्याच्या दुपटीहून मोठी. वर्तमानपत्रांनी 'ट्रिलियन' लिहून वेळ मारून नेली, पण आपल्याकडे यासाठी घरचा शब्द आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत संख्यांची जी नावं दिली, त्यांत अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू यांच्या पुढे 'जलधी' येतो. एकावर चौदा शून्यं. म्हणजे पॅक्सोसने तीन जलधी डॉलर पाडले. पावणेनऊशे वर्षं हा शब्द कोणाच्या पगारपत्रकात लागला नव्हता. शेवटी कोणीतरी बटण चुकीचं दाबल्यामुळे लागला.

माझी नोकरी बँकेच्या रोकड विभागात गेली. रोकड जुळल्याशिवाय शटर खाली यायचं नाही हा तिथला धर्म. दहा रुपये कमी आले तर चहा थांबायचा, दहा रुपये जास्त आले तर माणसं थांबायची. कमी आलेले कोणीतरी खिशातून भरून टाकतो. जास्त आलेले कोणाचे हे शोधावं लागतं, आणि ज्याचे असतील तो उद्या सकाळी काउंटरवर येऊन कोणत्या आवाजात बोलणार आहे याची कल्पना रात्रभर झोपू देत नाही. त्यामुळे तीन जलधी जास्त आल्यावर या मंडळींनी वीसेक मिनिटांत निकाल लावला याचं मला मनापासून कौतुक वाटलं. आमच्याकडे एवढ्या वेळात नुसतं रजिस्टर सापडलं असतं.

आणखी एक गोष्ट. हे प्रकरण बाहेर फुटायला कोणी घरभेदी लागला नाही. नाणी इथेरियम या ब्लॉकचेनवर पडली होती आणि ब्लॉकचेन म्हणजे चौकात उघडी ठेवलेली खतावणी, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावी. लोकांनी वाचली. आवे नावाच्या उधार-उसनवारीच्या डिजिटल बाजारात त्या नाण्याचे व्यवहार तेवढ्यापुरते बंद ठेवण्यात आले. बाकी कोणाचं काही बिघडलं नाही.

ही बातमी मला भाच्याने दाखवली. तो बाणेरला राहतो आणि परदेशी गिऱ्हाइकांसाठी एजंटांची हत्यारं बनवतो. आमच्या सोसायटीत हे वाक्य मोठ्याने म्हणण्याची सोय नाही, त्यामुळे मी 'कॉम्प्युटरमध्ये आहे' असं सांगते. एजंट म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा तो नवा अवतार, जो नुसत्या गप्पा न मारता कामंही करतो: तिकिटं शोधतो, हिशेब मांडतो, पैसे पाठवतो. आणि हत्यार म्हणजे टूल. एजंटाला स्वतःला बाहेरचं काही दिसत नाही. त्याला जे ठाऊक आहे ते त्याच्या शिक्षणाच्या वेळचं. टेदर नावाचं डिजिटल नाणं सध्या किती आहे असं विचारलं तर तो जुना आकडा सांगेल, आणि असा ठाम सांगेल की ताजा आकडा माहीत असलेला माणूस गप्प बसेल. म्हणून त्याच्या हातात टूल द्यायचं. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रोपिक कंपनीने अशी टूलं जोडायची एक सामायिक रीत जाहीर केली, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची, आणि तेव्हापासून बाणेर-बालेवाडीत जो तो टूल लिहितोय.

भाच्याच्या टूलचं काम एका ओळीत सांगता येतं. जगातल्या निरनिराळ्या ब्लॉकचेनवर कुठलं स्टेबलकॉइन एकूण किती आहे ते सांगायचं. स्टेबलकॉइन म्हणजे एका डॉलरला एक या भावाने राहण्याचं वचन दिलेलं नाणं. तुम्ही कंपनीला डॉलर द्यायचा, कंपनी नाणं पाडून तुम्हाला देणार. नाणं परत केलंत की ती ते नष्ट करून तुमचा डॉलर परत देणार. २०१४ साली रिअलकॉइन या नावाने पहिलं मोठं नाणं निघालं, काही महिन्यांत त्याचं टेदर झालं, आणि २०२५च्या ऑक्टोबरात अशा सगळ्या नाण्यांची बेरीज तीनशे अब्ज डॉलरच्या वर गेली. (पॅक्सोसचे तीन जलधी त्याच महिन्यातले. बेरीज करणाऱ्याच्या छातीत काय झालं असेल!)

"म्हणजे बेरीजच ना?" मी विचारलं.

"बेरीजच गं मावशी."

"मग तुला एवढे महिने कशाला लागले?"

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी ओळखते. ऑडिटर 'बेरीजच ना' म्हणायचा तेव्हा मी तशीच पाहायचे.

पहिलं संकट दशांशाचं. ब्लॉकचेनला अपूर्णांक आवडत नाहीत, म्हणून प्रत्येक नाण्याचे बारीक तुकडे कल्पून पूर्णांकातच सगळं लिहितात. इथेरियमवर आणि ट्रॉन या दुसऱ्या चेनवर टेदरच्या एका डॉलरचे दहा लाख तुकडे, म्हणजे सहा घरं. इथपर्यंत ठीक. बायनान्सच्या चेनवर मात्र त्याच टेदरचं जे रूप फिरतं त्याला अठरा घरं आहेत. एकावर अठरा शून्यं. भास्कराचार्यांची यादी परार्धापाशी, एकावर सतरा शून्यांपाशी, संपते. त्यापुढे माणसाला काही मोजावं लागेल असं त्या थोर गणित्याला वाटलं नव्हतं. बायनान्सवर एका डॉलरचे दहा परार्ध तुकडे होतात. सहा घरांचा आकडा आणि अठरा घरांचा आकडा न बघता एकाखाली एक मांडले तर जी बेरीज येईल तिला नाव ठेवायला भास्कराचार्यांनाच परत बोलवावं लागेल.

घरं चुकल्याचा इतिहास मोठा आहे. २०१९च्या जुलैत टेदरला एका बाजारासाठी पाच कोटींची नाणी ओम्नी या जुन्या चेनवरून ट्रॉनवर न्यायची होती. ट्रॉनवर पडली पाच अब्ज. त्या वेळी जगात एकूण टेदर साधारण चार अब्ज होतं, म्हणजे एका व्यवहारात धंदा दुपटीहून वाढला. थोड्याच वेळात नाणी जाळून टाकली गेली. कंपनीच्या तंत्रप्रमुखाने जाहीरपणे सांगितलं की आकडा चुकला. इतकं सरळ उत्तर मी बँकिंगमध्ये फार कमी वेळा ऐकलं आहे.

दुसरं संकट पुलांचं. एका चेनवरचं नाणं दुसऱ्या चेनवर जात नाही. जाऊच शकत नाही. मग मधल्या माणसाने काढलेला तोडगा म्हणजे ब्रिज. तुमचं मूळ नाणं तो इकडे कुलपात ठेवतो आणि तिकडे त्याच नावाचं दुसरं नाणं पाडून देतो. सोनाराकडे पाटल्या गहाण ठेवून पावती आणावी तसं. आता घरातलं सोनं मोजताना कोणी पाटल्याही धरल्या आणि पावतीही धरली तर घराणं एकदम श्रीमंत दिसेल. चेनांची बेरीज करणारं भाबडं टूल नेमकं हेच करतं. आणि सोनारच पळाला तर? २०२३च्या जुलैत मल्टिचेन नावाचा मोठा ब्रिज रिकामा झाला. सव्वाशे दशलक्ष डॉलरच्या आसपास माल गेला. फँटम या चेनवर लोकांच्या वॉलेटमध्ये यूएसडीसी नावाची नाणी मात्र जशीच्या तशी होती. मोजायला बसलात तर एकही कमी भरलं नसतं. फक्त त्यांच्या बदल्यात कोणी पूर्ण डॉलर द्यायला तयार नव्हतं.

यूएसडीसीवाल्या सर्कल कंपनीने यावर आपला उपाय काढला आहे: इकडचं नाणं जाळायचं आणि तिकडे नवं पाडायचं, कुलूप-किल्लीची भानगडच नको. त्यामुळे भाच्याच्या टूलला प्रत्येक नाण्याची जन्मकुंडली पाहावी लागते. हे मूळ घरचं, हे ब्रिजवरून आलेलं, हे आधी ब्रिजवरून आलं होतं पण नंतर मूळ घरच्याने पदरात घेतलं. आमच्या नात्यातल्या लग्नपत्रिकांवर नावं छापताना एवढी चौकशी होत नाही.

तिसरं संकट मला विशेष आवडलं कारण ते बँकेच्या आत्म्याच्या जवळचं आहे. टेदर कंपनी कधीकधी एकदम एक अब्ज नाणी पाडून आपल्याच कपाटात ठेवते. सांगते, ही मंजूर आहेत पण दिलेली नाहीत; पुढे मागणी आली की यातून देऊ. ब्लॉकचेनला कपाट कळत नाही. तिला 'एकूण किती' विचारलं की कपाटातलीही धरून सांगते. दर वेळी अशी नाणी पडली की बाजारात बोंब होते, 'एक अब्ज नवे आले, आता भाव चढणार!' आणि कंपनीला पुन्हा तेच समजावून सांगावं लागतं. कोऱ्या चेकबुकाला शिल्लक समजणारी माणसं आमच्याही काउंटरवर येत. पण त्यांना आवरायला मध्ये जाळी असायची.

चौथं आहे नावांचं. इथेरियमवर किंवा ट्रॉनवर कोणीही उठावं आणि 'यूएसडीटी' या टेदरच्याच लघुनावाचं नाणं पाडावं. चेन हरकत घेत नाही. नावाची नोंदणी नसते, असतो तो फक्त कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे नाणं पाडणाऱ्या प्रोग्रामचा, पत्ता, आणि तो इतका लांब व निरर्थक असतो की पाठ करणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

हे ऐकल्यावर मला दौलताबाद आठवलं नसतं तर नवल. १३२७ला राजधानी तिथे हलवून दमल्यावर महंमद तुघलकाने १३२९-३०च्या सुमाराला तांब्या-पितळेची नाणी काढली आणि फर्मान सोडलं की ही चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालतील. नाणेशास्त्रात त्यांना टोकन नाणी म्हणतात आणि ती ज्या टांकसाळींत पडली त्यांत दौलताबादही होती. म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीवर टोकनांचा प्रयोग सिलिकॉन व्हॅलीच्या सातशे वर्षं आधी होऊन गेला आहे. हे आपल्या पर्यटन खात्याच्या अजून लक्षात आलेलं दिसत नाही. कल्पना खुळचट नव्हती. चीनमध्ये कागदी चलन तेव्हा चालतच होतं. अडचण एवढीच की तांबं सगळ्यांच्या घरात होतं आणि ठसा उठवणं सोनार-तांबटांच्या हातचा मळ. बरनी हा इतिहासकार लिहितो की घरोघर टांकसाळी निघाल्या. एकूण नाणी किती, त्यातली सुलतानाची किती आणि शेजारच्या तांबटाची किती हे सांगणारं टूल सुलतानापाशी नव्हतं. तरी त्याने शेवटी जे केलं ते पाहून मी थक्क होते: खोटी-खरी न पाहता सगळी नाणी खजिन्यात परत घ्या आणि सोन्याचांदीत मोल द्या, असा हुकूम. तुघलकाबादेत तांब्याचे ढीग लागले. स्टेबलकॉइनच्या भाषेत सांगायचं तर शंभर टक्के रिडेम्प्शन, बनावट धरून! आज एवढी हिंमत असलेली कंपनी मला दिसत नाही आणि तरी 'तुघलकी' ही शिवी आपण त्याच्याच नावाने देतो.

भाच्याने सुलतानाच्या अनुभवातून धडा घेऊन पत्त्यांची एक यादी बाळगली आहे. कंपनी जे पत्ते स्वतः जाहीर करते तेवढेच खरे. यादी दर काही दिवसांनी हाताने तपासावी लागते, कारण नव्या चेन येतात आणि जुन्या चेनांवरचं दुकान बंद होतं. ज्या ओम्नीवर टेदर जन्मलं तिथे २०२३मध्ये टेदरने नवी नाणी पाडणं थांबवलं. तिथे उरलेली नाणी मोजायची की नाही? भाच्याने मोजली आहेत. जुन्या नोटा सांभाळून ठेवणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल त्याला माया आहे. उदाहरण घरातच आहे.

पण सगळ्यात जास्त वेळ यातल्या कशातच गेला नाही. तो गेला शून्यात.

चाचणी चालू असताना एका चेनकडून उत्तर यायला उशीर झाला. असं होतं, लाइन व्यग्र असते. कोडने रिकाम्या उत्तराचं शून्य केलं, बेरजेत शून्य मिळवलं आणि आकडा एजंटाच्या हातात ठेवला. अब्जावधी डॉलर गायब. माणूस असता तर त्याने डोळे चोळले असते, पुन्हा एकदा विचारलं असतं, निदान 'अरे बापरे' म्हटलं असतं. एजंटाने शांतपणे एक अहवाल लिहिला. बाजारातून मोठ्या प्रमाणावर परतफेड झालेली दिसते, असं सांगून त्याने तिची कारणंही दिली: बदलते व्याजदर, नियामकांची कडक होत चाललेली भूमिका, गुंतवणूकदारांचा सावध पवित्रा. शेवटी 'परिस्थितीवर लक्ष ठेवणं हितावह ठरेल' असंही होतं. अहवाल उत्तम होता. मी वाचला, एकही शुद्धलेखनाची चूक नाही. तसे अहवाल लिहिणारे आमच्या विभागीय कार्यालयात होते आणि सगळे वेळेवर बढती घेऊन निवृत्त झाले.

'शून्य आहे' आणि 'माहीत नाही' यांत फरक असतो हे यंत्राला सांगावं लागतं. माणसालाही लागतं, पण माणसाला सांगून ऐकत नाही. यंत्र ऐकतं, फक्त ते नेमक्या शब्दांत लिहून द्यावं लागतं. टूलसोबत एक वर्णन जोडलेलं असतं. एजंट ते वाचून ठरवतो की हे हत्यार केव्हा उचलायचं आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा. भाच्याचं वर्णन सुरुवातीला दोन ओळींचं होतं. मी पाहिलं तेव्हा ते पानभर झालं होतं. पुरवठा विचारला तरच हे टूल वापर, किंमत विचारली तर नको. चेनकडून उत्तर आलं नसेल तर शून्य धरू नकोस. किती चेनांनी उत्तर दिलं ते आधी सांग, मग बेरीज सांग. ब्रिजवरची नाणी वेगळ्या रकान्यात आहेत, ती पुन्हा मिळवू नकोस. आकडा कोणत्या वेळचा आहे ते लिही. कारणं विचारल्याशिवाय देऊ नकोस.

शेवटची ओळ वाचून माझा ऊर भरून आला. ही ओळ मला आयुष्यात कितीतरी लोकांना सांगायची होती.

"तू माणसांशी असं बोलतोस का रे?" मी विचारलं.

"माणसं वर्णन वाचत नाहीत, मावशी."

तेही खरं. आमच्या काउंटरवर 'पैसे मोजून घ्यावेत, नंतर तक्रार चालणार नाही' अशी पाटी होती आणि तिच्यावर हात टेकवून लोक नंतर तक्रार करत.

आता हे टूल फुकट थोडंच असणार. इंटरनेटच्या व्यवहारात सर्व्हरने द्यायच्या उत्तरांना क्रमांक आहेत. ४०४ सगळ्यांना माहीत आहे, ते पान सापडत नाही तेव्हा येतं. त्याच्या जरा अलीकडे ४०२ आहे: 'आधी पैसे भरा'. नव्वदच्या दशकात तो क्रमांक 'पुढे लागेल' म्हणून राखून ठेवला आणि मग कोणाला लागलाच नाही. २०२५च्या मे महिन्यात कॉइनबेस या कंपनीने त्याला एक्स४०२ या नावाने कामाला लावलं. एजंट प्रश्न विचारतो, सर्व्हर म्हणतो ४०२, एजंट सेंटच्या एखाद्या अंशाइतकं यूएसडीसी टाकतो, उत्तर मिळतं. कार्ड नको, सही नको, केवायसीसाठी आधारची झेरॉक्स नको.

म्हणजे स्टेबलकॉइन किती आहेत हे विचारायला स्टेबलकॉइन मोजावं लागतं.

"मग विचारल्यामुळे आकडा बदलतो का?"

"आकडा नाही बदलत. खिसा बदलतो."

"आम्ही शिल्लक विचारणाऱ्याकडून कधी पैसे घेतले नाहीत."

"आता एटीएमवर ठरावीक वेळांनंतर घेतात, मावशी. तू निवृत्त झालीस म्हणून सुचलं त्यांना."

भाच्याला स्वतःला मात्र पगार रुपयातच येतो आणि सरळ बँकेत येतो. आपल्या सरकारने या नाण्यांना मान्यता दिली नाही, त्यांच्यावर बंदीही घातली नाही. २०२२पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस तेवढा लावला. नको असलेला पाहुणा घरात येऊ नये पण आलाच तर रिकाम्या हाताने येऊ नये, असं धोरण.

एवढं सगळं झाल्यावर टूल खरंच नीट चालू लागलं. मी समोर बसून पाहिलं. एजंटाने विचारलं, टूल एकेका चेनच्या दारात जाऊन आलं, आणि क्षणात सहा दशांशापर्यंत बेरीज हजर. किती चेनांनी उत्तर दिलं, कोणी नाही दिलं, सगळं व्यवस्थित. भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. मला वाटतं त्याला माझ्याकडून शाबासकी हवी होती. आणि मी सवयीने विचारलं, "आणि रोकड?"

"हीच की."

"ही वही झाली. पेटीतली रोकड कुठाय?"

आमच्या व्यवसायात आकडे दोन असतात. एक वहीतला, एक पेटीतला. दोन्ही सारखे आले की 'रोकड जुळली'. नुसती वही कितीही सुंदर अक्षरात लिहिली तरी रोकड जुळली असं कोणी म्हणत नाही. चेनवर जे मोजलं जातं ती दिलेली वचनं आहेत. ज्यांच्या भरवशावर वचनं दिली ते डॉलर कुठल्यातरी बँकेत, कुठल्यातरी सरकारी रोख्यांत आहेत, आणि तिथे एजंटाला कोणी आत घेत नाही.

अमेरिकेच्या वायदेबाजार नियामकाने २०२१च्या ऑक्टोबरात टेदरला ४ कोटी १० लाख डॉलर दंड केला तेव्हा त्याने २०१६ ते २०१८ मधले २६ महिने तपासले होते. त्यांतल्या फक्त २७.६ टक्के दिवशी कंपनीच्या खात्यांत नाण्यांइतकी पुरेशी रोकड होती. उरलेल्या दिवशी भाच्याचं टूल असतं तर त्याने नाण्यांचा आकडा सहा दशांशांपर्यंत बरोबर सांगितला असता. चूक काहीच नाही. चुकीचा फक्त प्रश्न.

उलटही घडतं. २०२३च्या मार्चमध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. सर्कलच्या सुमारे चाळीस अब्जांच्या गंगाजळीतले ३.३ अब्ज त्या बँकेत अडकलेले. बातमी कळल्यावर शनिवारी यूएसडीसीचा भाव ८८ सेंटच्या आसपास घसरला. शनिवारी! बँका बंद, चेन चालू. ब्लॉकचेनला साप्ताहिक सुट्टी नसते हे तिचं मोठेपण सगळे सांगतात, पण त्या दोन दिवसांत सगळे जण ज्याची वाट पाहत होते तो सोमवार होता. सरकारने ठेवीदारांना हमी दिली, सोमवारी बँकेचं काउंटर उघडलं आणि नाणं पुन्हा डॉलरपाशी आलं. वहीत या सगळ्याचं काय कारण लिहिलंय म्हणून शोधायला गेलात तर काहीही सापडणार नाही.

आणि टेरा नावाच्या स्टेबलकॉइनवाल्यांकडे तर डॉलरची पेटीच नव्हती. त्यांचं नाणं मोडायचं असेल तर बदल्यात डॉलर नाही, डॉलरच्या मोलाचं ल्युना नावाचं दुसरं नाणं मिळे. २०२२च्या मे महिन्यात सगळ्यांनी एकदम मोडायला काढलं. ल्युनाची संख्या पस्तीस कोटींवरून आठवडाभरात साडेसहा लाख कोटींवर गेली. सगळं उघड्या खतावणीवर, प्रत्येक नाणं मोजलेलं. मोजदादीत कसूर झाली असं कोणी म्हणू शकणार नाही.

"हे वर्णनात लिही," मी भाच्याला सांगितलं. "की आम्ही फक्त वही बघतो."

त्याने लिहिलं. पण गिऱ्हाइकाला ते वाचून पेटीही हवीशी झाली, त्यामुळे आता नवं टूल. अमेरिकेत १८ जुलै २०२५ला या नाण्यांसाठी कायदा झाला. जिनियस हे त्याचं नाव. (तिकडे कायद्याला आधी नाव ठेवतात, आपल्याकडे कायदा झाल्यावर नावं ठेवतात.) त्याप्रमाणे कंपन्यांनी आपल्या गंगाजळीचा तपशील दर महिन्याला जाहीर करायचा आहे. महिन्याला! नाणी दर काही सेकंदांनी मोजता येतात आणि डॉलर महिन्यातून एकदा, तेही पीडीएफमध्ये, लेखापालाच्या सहीसकट. भाच्याच्या नव्या टूलने ती पीडीएफ वाचायची आहे. तांत्रिक भाग त्याने उरकला. अडला तो एजंटापाशी, कारण एजंट मिनिटाला विचारतो, दर वेळी ४०२चे पैसे टाकतो आणि दर वेळी त्याला तोच जुना तपशील मिळतो. मग तो त्याच तपशिलावरून नवा अहवाल लिहितो: 'गंगाजळीत उल्लेखनीय स्थैर्य'.

"त्याला थांबवायचं कसं? पैसे घेऊन जुनंच उत्तर देणं बरं दिसत नाही," भाचा म्हणाला. मुलगा आमच्या वळणावर गेलाय.

"परत कधी यायचं ते सांगायची काही सोय नाही का तुमच्यात?"

सोय होती. 'रिट्राय-आफ्टर' नावाची ओळ असते; किती सेकंदांनी पुन्हा यायचं तो आकडा तिच्यात घालायचा. त्याने तीस दिवसांचा हिशेब केला आणि पंचवीस लाख ब्याण्णव हजार हा आकडा टाइप करून माझ्याकडे पाहिलं.

"एवढा मोठा आकडा नको घालूस," मी म्हटलं. "गिऱ्हाईक भडकतं. त्याला 'उद्या या' म्हण. उद्या आला की पुन्हा 'उद्या या' म्हण."

त्याने शहाऐंशी हजार चारशे घातले.